मधल्या जागेचा हिशेब

मोठ्या विमानातील सर्वांत चांगली जागा कोणती, हा प्रश्न वरकरणी अगदी व्यावहारिक, किंबहुना किरकोळ वाटावा असा आहे. त्याची तयार उत्तरेही मुबलक आहेत. 2001 साली सुरू झालेल्या 'सीटगुरू' या संकेतस्थळाने विमानांचे नकाशे हिरव्या, पिवळ्या आणि तांबड्या रंगांत रंगवून ही विद्या जगभर पोहोचवली आणि पुढे तिचे एक शास्त्रच होऊन बसले. शौचालयाजवळची नको, शेवटच्या रांगेतली नको, भिंतीपुढची घ्यावी की घेऊ नये, अशा स्वरूपाची चर्चा आज लग्नाच्या मांडवातही ऐकू येते. कारण मांडवातल्या दर चार घरांपैकी एका घरातील मुलगा किंवा मुलगी परदेशी आहे आणि आईवडील नुकतेच तिकडून आलेले आहेत किंवा निघालेले आहेत. या विद्येला माझा विरोध नाही. परंतु तिने एक प्रश्न सोयीस्करपणे झाकून ठेवला आहे, असे मला वाटते. वाईट जागा टाळावी कशी, हे ती शिकवते. विमानात वाईट जागा इतक्या का आहेत, हे मात्र विचारत नाही.

शब्दापासूनच सुरुवात करू. विमान कंपन्या मराठीत सूचना देतात तेव्हा त्या 'आसन' म्हणतात. आसन या शब्दाला मोठी प्रतिष्ठा आहे. ते सिंहाला आहे, धर्मपीठाला आहे, आणि योगशास्त्रात तर स्थैर्य व सुख या दोन्ही अटी पुऱ्या झाल्याशिवाय बसण्याला आसन म्हणतच नाहीत. आपण सामान्य माणसे मात्र आसन मागत नाही, जागा मागतो. एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून आपण जागा धरतो, पंगतीत जागा मिळते का ते पाहतो, लोकलमध्ये 'जरा सरकून घ्या' म्हणतो. जागा ही मिळवायची, धरायची, प्रसंगी सोडायचीही गोष्ट आहे. शिवाय रात्रभर झोप न लागलेल्या माणसालाही मराठीत 'जागा'च म्हणतात. इकॉनॉमी वर्गातील पंधरा तासांचे इतके नेमके वर्णन दुसऱ्या एखाद्या भाषेत एका शब्दात होत असेल असे वाटत नाही.

आता मुद्द्याचे. ज्याला इंग्रजीत वाइड-बॉडी म्हणतात, त्या विमानाची व्यावहारिक व्याख्या सोपी आहे: ज्यात चालायला एक नव्हे तर दोन वाटा असतात ते. दोन वाटा असल्या की वाटेच्या कडेची, म्हणजे आयलची आसने प्रत्येक रांगेत चार होतात. खिडक्या दोन बाजूंना, म्हणून खिडकीची आसने दोन. हे सहा आकडे कोणत्याही विमानात बदलत नाहीत. बोईंग 767 मध्ये रांगेत सात माणसे बसतात, दोन-तीन-दोन अशी. त्यात ना खिडकी ना वाट अशी जागा एकच. एअरबस 330 मध्ये दोन-चार-दोन, म्हणजे आठ. मधल्या जागा दोन. तीन-तीन-तीन अशा नऊच्या रांगेत मधल्या जागा तीन. आणि तीन-चार-तीन अशा दहाच्या रांगेत चार. म्हणजे रांगेत वाढवलेले प्रत्येक नवे आसन हे मधलेच आसन असते. खिडकी किंवा वाट वाढत नाही. हा हिशेब चौथीतल्या मुलालाही करता येईल, परंतु 'सर्वोत्तम जागा कशी निवडाल' छापाच्या लेखांत तो मला कुठे आढळला नाही. दहाच्या रांगेत शंभरातली चाळीस माणसे मधे बसणारच आहेत. आपण चातुर्याने निवड केली, तर त्या चाळिसांतून आपण सुटतो, इतकेच. संख्या चाळीसच राहते.

ही संख्या कशी वाढत गेली त्याचा इतिहास उद्बोधक आहे. बोईंग 747 हे पहिले रुंद विमान जानेवारी 1970 मध्ये प्रवासी घेऊन उडू लागले. एअर इंडियाचे पहिले जंबो 1971 मध्ये आले. त्याचे नाव 'एम्परर अशोक', आणि त्याच्या खिडक्यांभोवती बाहेरून लाल झरोक्यांच्या कमानी रंगवलेल्या असत. त्या काळी अनेक कंपन्यांनी 747 च्या रांगेत नऊच आसने ठेवली होती. ती दहा व्हायला फार वर्षे लागली नाहीत. पुढे 1995 मध्ये बोईंग 777 आले. नऊच्या रांगेसाठी त्याचा घेर पुरेसा ऐसपैस होता. प्रत्येकाला साधारण साडेअठरा इंचांची रुंदी मिळे. 2010 नंतरच्या काळात त्याच घेरात दहावे आसन बसवण्याची प्रथा सार्वत्रिक झाली आणि रुंदी सतरा इंचांवर आली. 787 ची गोष्ट तर याहून बोलकी आहे. ते आठच्या रांगेचे म्हणून मांडले गेले, पण जवळजवळ सर्व कंपन्यांनी ते नऊच्या रांगेचे करून घेतले. अपवाद म्हणून जपान एअरलाइन्सचे नाव घ्यावे लागेल. तिने आपल्या आंतरराष्ट्रीय विमानांत दोन-चार-दोन अशीच मांडणी ठेवली. 2015 मध्ये एअरबसने 380 या दुमजली विमानाच्या खालच्या मजल्यावर तीन-पाच-तीन अशी अकराची रांगही सुचवून पाहिली. ती कोणी घेतली नाही, हे त्या विमानाच्या प्रवाशांचे भाग्य.

दीड इंच म्हणजे चार सेंटिमीटरही नव्हेत. तेवढ्याने काय बिघडते, असे विचारणाऱ्याने मुंबईच्या लोकलमधील चौथ्या सीटवर कर्जतपर्यंत बसून पाहावे. तिघांच्या बाकावर चौथ्याने टेकणे ही मुंबईकरांची एक अलिखित सामाजिक तडजोड आहे. चौथा माणूस विचारतो, तिघे सरकतात, त्याची एक मांडी बाहेर राहते. ठाणे आले, कोणी उतरले की तो आत येतो. ती अडचण दोघांच्या संमतीने आणि घटकाभरासाठी स्वीकारलेली असते. विमानातील दहावे आसन म्हणजे लोखंडात ओतलेली चौथी सीट आहे. ती कोणी मागितलेली नाही, तिच्यासाठी कोणी सरकलेले नाही, आणि ठाणे येत नाही.

हे सगळे खरे असले तरी तिकीट काढलेल्या माणसाला कुठेतरी बसायचे असतेच. तेव्हा निवडीविषयी जे सांगता येईल ते सांगतो. पहिली गोष्ट, एकट्या माणसाने वाटेची जागा घ्यायची तर ती खिडकीकडच्या तिघांतली न घेता मधल्या गटातली घ्यावी. कारण उघड आहे. खिडकीकडच्या तिघांत वाटेवर बसलात तर आतल्या दोघांचा राबता तुमच्या गुडघ्यांवरून होणार. मधल्या चारांच्या गटात तुमच्या बाजूने फक्त एकच शेजारी उठतो, दुसऱ्याची वाट पलीकडून. आणि तिघांच्या मधल्या गटात तर तो एकुलता एक शेजारीही निम्म्या वेळा दुसऱ्या बाजूने जातो. रात्रीच्या प्रवासात हा फरक तीन वेळा उठण्याचा आणि एकदा उठण्याचा असतो. काही कंपन्यांच्या 777 मध्ये एके काळी दोन-पाच-दोन अशी मांडणी होती. पाचांच्या बरोबर मध्ये बसणाऱ्याची सर्वत्र कीव केली गेली. पण हिशेब केला तर नऊ जणांपैकी त्या एकालाच दोन माणसे ओलांडावी लागत, तर तीन-तीन-तीनमध्ये खिडकीशी बसलेल्या दोघांना ती ओलांडावी लागतात. दुःख एकाच माणसावर गोळा झाले की ते दिसते, दोघांत वाटले की दिसेनासे होते. असो.

दोघे मिळून जात असतील, तर एअरबस 330 च्या कडेची जोडी ही माझ्या मते इकॉनॉमी वर्गातील सर्वांत सुसंस्कृत व्यवस्था आहे. 380 च्या वरच्या मजल्यावरही, जिथे इकॉनॉमी आहे तिथे, दोन-चार-दोनच असते. दहाच्या रांगेच्या 777 मध्येही अशी जोडी सापडते, पण शेपटीकडे. विमानाचे धड मागे निमुळते होत जाते, त्यामुळे शेवटच्या काही रांगांत कडेची तीन आसने मावत नाहीत आणि दोनच उरतात. भिंत आणि आसन यांच्या मध्ये पिशवी ठेवायला थोडी फटही मिळते. बदल्यात हेलकावे जास्त सोसावे लागतात. विमान साधारणपणे पंखांजवळच्या भागात सर्वांत स्थिर असते, दोन्ही टोकांना ते अधिक हलते. आवाजही इंजिनांच्या पुढे कमी, मागे जास्त. बैलगाडीत जू आणि चाकाच्या आसाचा फरक ज्यांना ठाऊक आहे त्यांना हे वेगळे समजावून सांगायला नको.

भिंतीपुढची रांग आणि बाहेर पडण्याच्या दाराजवळची रांग या दोहोंचा लौकिक फार मोठा आहे. त्यात अतिशयोक्ती आहे. पाय पसरता येतात हे खरे. परंतु या रांगांत समोर आसन नसल्याने जेवणाचे टेबल हाताच्या दांड्यात दडवलेले असते; त्यामुळे दांडा वर होत नाही आणि आधीच अरुंद असलेली बैठक आणखी आवळते. बाळाचा पाळणा लटकवण्याची सोय त्याच भिंतीवर असते, म्हणून तिथे तान्ही मुले येणार. तान्ह्या मुलाने रडू नये अशी अपेक्षा करणाऱ्याविषयी मला सहानुभूती नाही, पण ज्याला झोपायचे आहे त्याने हे ठाऊक असू द्यावे. दाराजवळ थंडी वाजते, स्वयंपाकघराचा उजेड आणि खडखडाट चालू राहतो, आणि पाय मोकळे करायला आलेली माणसे नेमकी तिथेच घोळक्याने उभी राहतात. शिवाय दाराजवळ बसणाऱ्याने संकटकाळी मदत करण्याची जबाबदारी घ्यायची असते. ज्याचे गुडघे दुखतात म्हणून त्याला तिथे बसवावे, त्यालाच नियमाने तिथे बसता येत नाही.

खिडकीविषयी थोडे सविस्तर बोलले पाहिजे, कारण तिच्याशी आपले नाते बालपणापासूनचे आहे. मुंबईहून युरोपकडे जाणारी बरीच विमाने मध्यरात्रीनंतर निघतात आणि सूर्याच्या पुढे पळत अंधारातच बराचसा प्रवास करतात. त्यात खिडकीचा उपयोग डोके टेकवायला. पंखावरची खिडकी घेतली तर दिसतो तो पंख. काही रांगांत तर खिडकीचे आसन असते आणि खिडकी नसते, कारण त्या जागी भिंतीतून हवेचे नळ गेलेले असतात. 787 मध्ये खिडक्या नेहमीपेक्षा मोठ्या आहेत, जवळजवळ 47 सेंटिमीटर उंच. मात्र त्यांना ओढायचा पडदा नाही. काच विजेने गडद होते, आणि सगळ्या काचा एकदम गडद करण्याची कळ कर्मचाऱ्यांकडे असते. भर दुपारी, खाली बर्फाचे डोंगर असताना, तुमची खिडकी कोणी दुसराच मिटतो. खिडकीच्या जागेचे पैसे घेऊन खिडकी मात्र आपल्याकडे ठेवायची, हा प्रकार एसटीने कधी केला नाही. त्याच विमानाची एक गोष्ट मात्र मनापासून वाखाणावी अशी आहे. त्यातील हवेचा दाब जास्तीत जास्त सहा हजार फुटांवरच्या हवेइतका विरळ होतो. जुन्या विमानांत तो आठ हजारांपर्यंत जाई. सहा हजार फूटही आपल्या कळसूबाईच्या माथ्याहून उंचच, पण उतरल्यावर डोके कमी जड वाटते. म्हणजे कोणत्या आसनावर बसलो यापेक्षा कोणत्या विमानात बसलो याला कधीकधी अधिक महत्त्व असते, आणि तिकीट काढताना ते कोणी पाहत नाही.

प्रकृतीचा मुद्दा याहून गंभीर. 2007 साली जागतिक आरोग्य संघटनेने प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार चार तासांहून अधिक काळ बसून प्रवास केल्यास पायांच्या शिरांत रक्ताची गुठळी होण्याचा धोका सुमारे दुप्पट होतो. निरोगी माणसात तो एरवी अत्यल्प असल्याने दुप्पट होऊनही सहा हजारांत एकाच्या आसपास राहतो. ज्याला 'इकॉनॉमी क्लास सिंड्रोम' म्हणतात त्याचा इकॉनॉमीशी तितका संबंध नाही. मोटार, रेल्वे, बस यांतही न हलता बसले तर तेच होते. 2012 च्या अमेरिकी वैद्यकीय मार्गदर्शक तत्त्वांनी मात्र एक गोष्ट नोंदवली: खिडकीशी बसणारा माणूस कमी उठतो, म्हणून त्याला धोका अधिक. का उठत नाही, हे सांगायला वैद्यक लागत नाही. झोपलेल्या दोन परक्या माणसांना उठवायचा संकोच वाटतो. आपल्याकडच्या सत्तरीतल्या स्त्रिया या संकोचापायी विमानात पाणीच पीत नाहीत. माझ्या परिचयातल्या किमान तिघींनी हे मला सहज, कौतुकाने सांगावे तसे सांगितले आहे. खिडकीची जागा मुलाने प्रेमाने, जास्तीचे पैसे भरून घेऊन दिलेली होती.

सुरक्षिततेच्या दृष्टीने कोणती जागा चांगली, यावर तर अलीकडे बोलणे भाग पडते. 12 जून 2025 रोजी अहमदाबादला एअर इंडियाचे 787 कोसळले. विमानातल्या 242 जणांपैकी एकच प्रवासी वाचला. तो 11ए या, दाराजवळच्या, आसनावर होता. त्यानंतर 11ए मागणाऱ्या प्रवाशांच्या बातम्या आल्या. भीतीपोटी माणूस असे करतो, त्याला हसू नये. परंतु एका अपघातातून आसनाचा गुण ठरत नाही. 1985 च्या ऑगस्टमध्ये जपानमध्ये 747 कोसळून 520 माणसे गेली. वाचलेल्या चौघी विमानाच्या मागच्या भागात होत्या. 2013 च्या जुलैमध्ये सॅन फ्रान्सिस्कोला 777 ची शेपटी धावपट्टीच्या बांधावर आपटली. मृत्यू पावलेल्या तिघीही मागच्याच भागात होत्या. 2 जानेवारी 2024 रोजी टोकियोत एअरबस 350 ने पेट घेतला, पण त्यातील सर्वच्या सर्व 379 माणसे बाहेर पडली. पुढची, मागची आणि मधलीही. विमानाला परवाना मिळण्यापूर्वी निम्मी दारे बंद ठेवून नव्वद सेकंदांत सर्वांना बाहेर काढून दाखवावे लागते. 2006 मध्ये 380 मधून 873 माणसे 78 सेकंदांत उतरली होती. आपल्यापासून दार किती रांगांवर आहे हे मोजून ठेवणे आणि पट्टा बांधून ठेवणे, याहून अधिक आसनाकडून मागता येत नाही. आणि एक गोष्ट. अहमदाबादच्या त्या विमानात पनवेल, डोंबिवली, बदलापूरकडचे कर्मचारी होते. त्यांना आसन निवडायचे नसते. दारापाशी भिंतीवर दुमडलेली जी पाटी असते, तीच त्यांची जागा.

आता पैशाविषयी. एके काळी जागा तिकिटातच येत असे. काउंटरवर लवकर जाणाऱ्याला बरी मिळे, एवढेच. आज खिडकी, वाट, पुढची रांग, पाय पसरण्याची रांग यांचे वेगवेगळे दर आहेत. 2024 च्या नोव्हेंबरमध्ये अमेरिकी सिनेटच्या एका समितीने दिलेल्या अहवालानुसार तिथल्या पाच कंपन्यांनी 2018 ते 2023 या काळात केवळ आसननिवडीच्या शुल्कापोटी 12.4 अब्ज डॉलर मिळवले. म्हणजे आधी रांगेत मधली जागा वाढवायची आणि मग ती टाळण्याचे पैसे घ्यायचे. जो पैसे भरत नाही, किंवा भरायचे असतात हे ज्याला ठाऊकच नाही, तो मधे जातो. माझे एक निवृत्त सहकारी आणि त्यांच्या पत्नी पहिल्यांदाच मुलीकडे निघाले होते. मुलीने तिकिटे काढली, आसने निवडायची राहिली. दोघांना आठ रांगांच्या अंतराने दोन मधल्या जागा मिळाल्या. बाईंना इंग्रजी बोलायचा सराव नाही आणि गोळ्यांचा डबा यांच्या पिशवीत. त्यांच्या शेजारचा तरुण जागा बदलायला तयार नव्हता. त्याने वाटेच्या जागेचे पैसे मोजले होते आणि त्याबद्दल त्याला दोष देता येत नाही. पूर्वी 'काका, तुम्ही इकडे बसा' म्हणणे हा सौजन्याचा भाग होता. आता ते म्हणणाऱ्याला खिशातून तीन-चार हजार रुपये काढून दिल्यासारखे आहे. सौजन्याला दरपत्रक लावले की सौजन्य महाग होते. माणसे वाईट होतात असे नव्हे.

आपल्या नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने एप्रिल 2024 मध्ये एक चांगली सूचना काढली: बारा वर्षांखालील मुलाला एकाच तिकीट-क्रमांकावर प्रवास करणाऱ्या आई किंवा वडिलांच्या शेजारीच बसवावे. बारा वर्षांच्या मुलाला जी सोय आवश्यक वाटली, ती पंचाहत्तर वर्षांच्या जोडप्यालाही लागू करण्यात कोणती अडचण आहे, हे मला कळलेले नाही. संगणकाला वय ठाऊक असते, आडनाव ठाऊक असते, तिकीट-क्रमांक तर एकच असतो.

यावर कंपन्यांचे उत्तर ठरलेले आहे आणि ते पूर्ण खोटे नाही. दहावे आसन आले म्हणून भाडे आवाक्यात राहिले. नाहीतर प्राध्यापकाने निवृत्तीनंतर अमेरिका पाहिली असती का? नसती, हे मान्य. 'एम्परर अशोक'च्या काळात झरोके रंगवलेले होते, पण आत बसणारे आपण नव्हतो. म्हणून मी नऊच्या रांगेकडे परत चला असे म्हणत नाही. माझे म्हणणे इतकेच की आसनाची किमान रुंदी आणि दोन रांगांमधले किमान अंतर ही बाब प्रवाशाच्या निवडीवर सोडण्याची नाही, कारण निवडीने ती सुटत नाही. रांगेतली मधली चार माणसे तिथेच राहतात. अमेरिकी काँग्रेसने 2018 मध्ये तसा कायदा करून हे किमान माप ठरवण्याचे काम विमान वाहतूक प्रशासनाकडे सोपवले. प्रशासनाने 2022 मध्ये लोकांची मते मागवली. एक प्रवासी संघटना 'माप ठरवायला लावा' म्हणून न्यायालयात गेली होती; 2023 च्या मार्चमध्ये न्यायालयाने ती मागणी फेटाळली. आसने गैरसोयीची असतील, पण ती धोकादायक आहेत हे पुरेसे सिद्ध झालेले नाही, असा त्या निर्णयाचा आशय होता.

तोवर एक करता येईल. हाताचे दोन्ही दांडे मधल्या माणसाचे, हा संकेत काही प्रवासी पाळतात. खिडकीवाल्याला भिंत आहे, वाटेवाल्याला वाट आहे, मधल्याला काहीच नाही. म्हणून दांडे त्याचे. हे कोणत्याही कंपनीच्या नियमावलीत नाही आणि त्याला शुल्क नाही. मराठी माणसाला तो समजावून सांगावा लागू नये. पंगतीत डावी-उजवीकडच्या पानाला आपला कोपर लागू न देता जेवायला आपल्याला लहानपणीच शिकवलेले असते.